भिंतीवरची चटई आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी सुती सतरंजी आहे. रंगाने निळी, म्हणजे आता नुसती म्हणायला निळी. माझ्या एका टोकाला दोन जागा विरल्या आहेत. तिथे एका माणसाचे तळहात टेकतात. त्या माणसाची गोष्ट सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही, आणि ती सांगताना मला अजूनही भीती वाटते.

मी हातमागावर जन्मले. माझा विणकर भारी काटेकोर माणूस होता. एक धागा सैल राहिला तरी तो सगळी ओळ उसवायचा. दुकानात पडून असताना मला वाटायचे, आपण एखाद्या मोठ्या घरी जाऊ आणि पाहुण्यांच्या बुडाखाली गप्पा ऐकत सुखाने म्हातारे होऊ. तसे व्हायचे नव्हते.

एका बाईने मला विकत घेतले आणि आपल्या धाकट्या भावाच्या घरी नेले. भाऊ काचा कापायचा. खिडक्यांच्या, कपाटांच्या काचा, मोठमोठे आरसे. त्याचा हात असा, की काचेवरची रेघ केसभरही हलायची नाही. डोके मात्र क्षणात भडकायचे. मी घरात शिरले तेव्हा समोरच्या भिंतीला एक खड्डा दिसला. फेकलेल्या डब्याचा होता तो. त्याची लहान मुलगी बिट्टी कपाट बंद करत होती. आवाज होऊ नये म्हणून तिने दाराच्या फटीत बोट धरले होते. एवढ्याशा पोरीला ही युक्ती कशाला लागावी, हे मला लगेच कळले.

मला आणणाऱ्या त्या बाईने, बिट्टीच्या आत्याने, मला जमिनीवर पसरले आणि भावाला समोर उभे केले.

"रोज सकाळी हिच्यावर यायचं. मी दाखवते तेवढी योगासनं करायची," ती म्हणाली. "सोडलंस, तर तुझ्या बायकोला आणि पोरीला मी माझ्याकडे घेऊन जाईन. परत पाठवणार नाही."

ती आवाज न चढवता बोलली, म्हणूनच त्याला ते खरे वाटले.

सुरुवातीला त्याने माझा उद्धार करण्यात कसर ठेवली नाही. वाकला की हात गुडघ्यांशीच अडायचे. श्वास भात्यासारखा चालायचा. शवासनातसुद्धा त्याच्या मुठी आवळलेल्या असायच्या. पण बहिणीच्या धाकाने तो येत राहिला, आणि हळूहळू धाक सुटून सवय लागली. बदल सगळ्यात आधी मला कळला. माझ्यावर आपटणारे तळहात अलगद टेकू लागले. मुठी सुटल्या. मग कारखान्यात गिऱ्हाईकाने माप चुकीचे दिले, अख्खा आरसा वाया गेला, आणि हा नुसता "परत मोजू" म्हणाला. मालकालाच इतके नवल वाटले, की ते सांगायला तो घरी आला. बायकोने भिंतीतला खड्डा बुजवून घेतला. बिट्टी सकाळी बापाशेजारी एका पायावर उभी राहायची, तोल जाऊन त्याच्याच अंगावर पडायची आणि दोघे हसत सुटायचे. ते माझे सोन्यासारखे दिवस होते.

मग कौतुक आले, आणि कौतुकानेच घात केला.

वर्षभरात सर्वांत कमी काचा फोडल्या म्हणून कारखान्यात त्याचा सत्कार झाला. सोबत्यांनी त्याला नवीकोरी रबरी चटई भेट दिली. जांभळी, पारदर्शक पिशवीतली. त्याने ती पिशवीसकट दर्शनी भिंतीवर टांगली. वापरली तर मळेल म्हणून तिला हात लावायचा नाही, आणि नवी असताना जुनी कशाला म्हणून मला धुऊन, गुंडाळून माळ्यावर टाकायचे, असे ठरले. दोन आसने असून त्या घरात बसायला एकही उरले नाही. आल्यागेल्याला तो चटईकडे बोट दाखवून योगाचे फायदे सांगायचा. आत्याने फोनवर विचारले तर ते आता अंगात मुरले आहे म्हणायचा.

माळ्यावर मला फक्त आवाज ऐकू येत. आधी किल्ल्या टेबलावर आदळू लागल्या. मग खुर्ची. मग जिन्यात त्याची पावले वाजली की खालचा रेडिओ बंद होऊ लागला. बायकोने त्याला काही विचारणेच सोडले. बिट्टीचा आवाज तर इतका बारीक झाला, की ती घरात आहे की नाही ते मला कळेना. काहीतरी वाईट जवळ येत होते आणि मी धुळीत पडून होते.

एका संध्याकाळी खाली काच फुटली. त्याने बायकोसाठी मन लावून कापलेला आरसा भिंतीला टेकवून ठेवला होता. बिट्टीचे दप्तर त्याला लागले. मग स्टूल ओढल्याचा आवाज झाला आणि दोन छोट्या हातांनी मला माळ्यावरून खाली खेचले.

आईने विचारले, हे आत्ता कशाला?

"बाबा हिच्यावर असले की मारत नाहीत," बिट्टी म्हणाली, आणि तिने मला दारातच पसरले.

त्याने दार उघडले. तुकडे पाहिले. त्याचा बुटाचा पाय माझ्यावर पडला, आणि त्या पायातला राग मी ओळखला. हात वर गेला. आई मध्ये आली. तिच्या मागे माझ्या दुसऱ्या टोकावर बिट्टी डोळे मिटून, हात जोडून ताठ उभी होती.

हात वरच राहिला. त्याने खाली माझ्याकडे पाहिले, पोरीकडे पाहिले, आणि तो मटकन माझ्यावर बसला.

"मी उद्या ताईंना बोलावणार आहे," बायको म्हणाली.

"बोलव," तो म्हणाला.

आत्या आली. तिने जांभळी चटई पिशवीतून काढून स्वतःसाठी अंथरली आणि भावाला माझ्यावर उभे केले. त्याचे हात पुन्हा गुडघ्यांशीच अडले. आता तो रोज येतो. आजवर एकही सकाळ त्याने चुकवलेली नाही.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, झटका, उसवले तर टाका घाला. मला तेवढे पुरे. पण माझ्यात काही जादू आहे असे मानू नका, मी साधे सूत आहे. आणि एकदा बदललेला माणूस कायमचा बदलला असे समजून मला गुंडाळून ठेवू नका. कारण अजूनही रोज सकाळी आतल्या खोलीचे दार किलकिले होते, आणि बाहेर पाऊल टाकण्याआधी बिट्टी आईला हळूच विचारते, "बाबांचं झालं का?"