पुरतं एक मिनिट

सोयराबाईंची त्या दिवशीची घाई काय सांगावी! लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून लागल्या, मग शिकवू लागल्या, आणि आज नर्सिंग कॉलेजच्या प्रिन्सिपॉल म्हणून निवृत्त होत होत्या. खाली हॉलमध्ये हार तयार, बनशंकरीहून सगळं गणगोत आलेलं. आणि वर वॉर्डात त्यांच्या हातची शेवटची परीक्षा अडकून पडलेली. एकच मुलगी उरली होती, रक्षिता. मागच्या खेपेला नापास झालेली. आज पुन्हा आपटली तर वर्ष बुडणार.

काम साधंच. आईच्या मांडीवर झोपलेल्या आठ महिन्यांच्या अभिमन्यूचे मिनिटाचे श्वास दोघींनी एकाच वेळी मोजायचे आणि आकडे ताडून बघायचे.

"बावन्न," रक्षिता म्हणाली.

बाईंचे सेहेचाळीस. "सहाचा फरक? अगं, मागच्या वेळीही इथंच घसरलीस ना!" लाल पेनाचं टोपण निघालंसुद्धा.

पोरीच्या तोंडचं पाणी पळालं, पण ती हटली नाही. "मॅडम, रागावू नका. अर्ध्या मिनिटातच तुम्ही घड्याळ सोडलंत. मोजलेलं दुप्पट केलंत."

अगंबाई! बाईंचा हात जिथल्या तिथं थांबला.

विशीतल्या सोयरानं हेच केलं होतं, पिक्चरची तिकिटं काढली होती म्हणून. तिला शिकवणाऱ्या कमला सिस्टरांनी तिला स्टुलावर बसवलं होतं. "बाळ एका चालीनं श्वास घेत नाही गं. आता दहा वेळा पुरतं मिनिट मोज. उठलं तर पुन्हा पहिल्यापासून." काय चडफडली होती ती! पिक्चर बुडाला तो बुडालाच. पुढं हीच शिक्षा तिनं शेकडो मुलींना दिली. मुलींनी पाठीमागं नावं ठेवली, पण मोजायला एकही विसरली नाही. कमला सिस्टर आज पहिल्या रांगेत हव्या होत्या, असं बाईंना सकाळपासून वाटत होतं. आता वाटलं, नाहीत तेच बरं.

त्यांनी चष्मा पुसला आणि पुरतं मिनिट मोजलं. बावन्न.

"डॉक्टरांना बोलव. या वयाला पन्नासच्या वर म्हणजे धाप."

डॉक्टरांनी छाती तपासली, औषध बदललं. वेळेवर कळलं म्हणाले, तेव्हा आईचा जीव भांड्यात पडला. बाईंनी कागदावर लिहिलं, 'रक्षिता उत्तीर्ण. परीक्षक चुकल्या.' खाली सही ठोकली.

तेवढ्यात चंदना, कॉलेजातली तरुण शिक्षिका, धापा टाकत वर आली. "मॅडम, बन्नी बन्नी! या ना लवकर, सगळे ताटकळलेत!"

बाईंनी पायानं स्टूल ओढलं आणि बाळाशेजारी बसल्या. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत.

"स्वल्प, थोडं थांबायला सांग त्यांना. माझी दहातली अजून नऊ मिनिटं राहिलीत." मग रक्षिताकडे वळून म्हणाल्या, "तू घड्याळ धर. आणि मी चुकले तर सोडू नकोस हं मला."

रक्षितानं घड्याळ समोर धरलं.