चालवणाऱ्याचा विमा

इसूफभाई गाडीखाली उताणे पडून खोट शोधत होते. आधी त्यांनी सगळे टायर अंगठ्यानं दाबून पाहिले होते, बॉनेट उघडून आत डोकं घातलं होतं, आणि आता पाठीखाली पोतं अंथरून ते चेसिस तपासत होते. ऑइल कुठंच पाझरत नव्हतं. वेल्डिंग सरळ होतं. एकाही बोल्टला गंज नव्हता, आणि त्यामुळं त्यांचा जीव आणखीच जळत होता.

"काय घावलं का भाई?" धाकट्या भावानं, सरफराजनं वाकून विचारलं.

"बगतोय. पुण्यात बांधल्याली गाडी, काय सांगता येत न्हाई."

गाडी सरफराजच्या बंगल्यासमोर, होटगी रोडवर उभी होती. तिला कॅराव्हॅन म्हणतात हे आता त्या गल्लीतल्या लहान पोरांनाही पाठ झालं होतं. आत बिछाना होता, ओटा होता, फ्रिज होता, नळ सोडला की पाणी येणारं न्हाणीघर होतं. सरफराजच्या फॅक्टरीतले टॉवेल परदेशात जायला लागल्यापासून त्याच्याकडं बरंच काही आलं होतं, पण ते सगळं इसूफभाईंनी पचवलं होतं. बंगला पचवला, कार पचवली. ही गाडी मात्र घशाखाली उतरेना.

त्याला कारणही होतं. वडील गेल्यावर घर चाललं ते इसूफभाईंच्या ट्रकवर. अकलूजची साखर घेऊन त्यांनी निम्मा देश पाहिला, टेंभुर्णीच्या ढाब्यांवर आयुष्यातली निम्मी जेवणं केली. दोन वर्षांपूर्वी सरफराजनंच गोड बोलून तो ट्रक विकायला लावला. "भाई, लई केलं तुमी, आता आराम करा," म्हणाला. तेव्हापासून इसूफभाई आराम करत होते, आणि आरामानं त्यांचं वजन आणि चिडचिड दोन्ही वाढली होती. अशा माणसाच्या डोळ्यांसमोर नवी गाडी आणून उभी करायची आणि वर म्हणायचं, विमा कसला घ्यायचा ते तुम्हीच ठरवा, गाडीतलं तुम्हाला कळतं.

ते कपडे झटकत बाहेर आले तेव्हा विम्याची वैजयंती व्हरांड्यात येऊन बसली होती. इसूफभाईंच्या ट्रकचा विमाही वर्षानुवर्षं तीच काढायची.

"इसूफचाचा, गाडी पसंत आहे ना?" तिनं विचारलं.

"बरी हाय," इसूफभाई म्हणाले आणि चहाचा कप घेऊन खुर्चीत बसले. सरफराज मात्र उभाच राहिला. मोठा भाऊ बसलेला असताना त्याच्या बरोबरीनं खुर्ची ओढायची नाही, ही त्या घराची रीत होती आणि बंगला झाला म्हणून सरफराजनं ती सोडली नव्हती.

गाडीच्या आतून हसण्याचा आवाज आला. सरफराजची बायको शाइस्ता आपल्या जावेला फ्रिज दाखवत होती, आणि हसणारी ती जाऊ म्हणजे इसूफभाईंची कमरुन्निसा. ट्रकच्या केबिनमध्ये बायकामाणसांनी बसायचं नाही, हा नियम इसूफभाईंचाच. तरीसुद्धा आपल्या ट्रकला बघून ही बाई कधी अशी खिदळली नाही, याचा त्यांना आत्ता राग आला.

"साधा विमा घेतला तर दुसऱ्याचं नुकसान तेवढं भरून निघतं," वैजयंती सांगू लागली. "पूर्ण घेतला तर आपल्या गाडीचंही मिळतं."

"साधाच बास की. माज्या ट्रकला जन्मभर साधाच होता."

"चाचा, हा ट्रक नाही ओ."

ती सहज बोलली होती. इसूफभाईंना ते लागलं.

"आणि आतलं सामान," ती पुढं म्हणाली, "ओटा, फ्रिज, एसी. हे मागनं बसवलेलं आहे. त्याची किंमत वेगळी सांगितली नाही तर उद्या एक रुपयाही मिळायचा नाही."

"चालत्या गाडीतनं फ्रिज कोण पळवतंय?"

"भाई म्हणतात तर ऱ्हाऊ द्या, मॅडम," सरफराज लगेच म्हणाला.

वैजयंतीनं इसूफभाईंकडं पाहिलं. इसूफभाईंनी चहाच्या कपात पाहिलं. समोरच्यानं वाद घातला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. हा गडी मान डोलावत होता. असं मान डोलावणाऱ्या माणसावर धड जळताही येत नाही.

"इंजिनात पाणी गेलं तर त्याचा विमा वेगळा आहे. घ्यायचा?"

"त्यो घ्या," इसूफभाईंच्या तोंडून निघून गेलं. "वड्याला पाणी आलं की डायवरला वाटतं, निघंल आपली गाडी. न्हाई निघत. माजी मंगळवेढ्याच्या अलीकडं बसली होती, दोन दिवस मीबी तिच्यासंगं बसलो." मग रागानंच म्हणाले, "इमा पुराच घ्या. फ्रिजाचंबी घ्या. धक्क्यानं पयलं तेच जातंय."

सरफराज खूश झाला. भाईंना कळतं, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"प्रवाशांचा घेतला," वैजयंती म्हणाली. "आता चालवणाऱ्याचा. गाडी कोण चालवणार?"

"वीरभद्रप्पा," सरफराज म्हणाला.

इसूफभाईंच्या हातातला कप तिथंच राहिला. वीरभद्रप्पा फॅक्टरीचा टेम्पो चालवायचा. पन्नाशीचा, निर्व्यसनी, सज्जन माणूस. त्याच्याविरुद्ध बोलण्यासारखं काहीही नव्हतं.

"त्यो क्लचवर पाय ठिवून चालवतो," इसूफभाई म्हणाले.

"सांगू की त्याला. भाई, तुमच्यासाटी मागचा बिछाना हाय. भाभी आन् तुमी निवांत झोपायचं. जलम गेला तुमचा स्टेअरिंगवर."

हे सरफराज इतक्या मायेनं बोलला, की दुसऱ्या कुणाचे डोळे भरून आले असते. इसूफभाईंनी मात्र कप खाली ठेवला. पाठीला गादी लावून आपण छताकडं बघत पडलो आहोत, पुढं वीरभद्रप्पा गिअर टाकतो आहे आणि प्रत्येक गिअरला आपला पाय गादीवर हलतो आहे, हे त्यांना डोळ्यांसमोर दिसलं. सकाळपासून आपण भावावर जळतोय असं त्यांना वाटत होतं. तो बिछाना, तो फ्रिज, ते न्हाणीघर सरफराजला लखलाभ होवो. त्यांना वीरभद्रप्पाचा हेवा वाटत होता.

"माजं नाव घाला," ते म्हणाले.

"कशात?"

"चालवणाऱ्यात. लायसन चालू हाय माजं."

सरफराज हसला. "तुमी वाटंल तवा चालवा की. घरची गाडी हाय. नाव कशाला पायजे?"

"तसं नाही चालत," वैजयंती म्हणाली. तिला दोघांच्या मध्ये पडायचं नव्हतं, पण इलाज नव्हता. "ह्यात चालवणारा एकतर मालक, नाहीतर पगारी ड्रायव्हर. घरचे म्हणून चाचांनी चालवली आणि रस्त्यात काही झालं, तर त्यांच्यासाठी काही मिळणार नाही. पगारी लिहायचं तर नुसतं लिहून भागत नाही. पगार खरंच द्यावा लागतो. दर महिन्याला, बँकेतून."

गाडीतलं हसणं थांबलं होतं.

"मोठ्या भावाला पगार देऊ मी?" सरफराजचा आवाज बदलला. "लोक तोंडात शेण घालतील माज्या. अम्मी असत्या तर दारात उबं केलं नसतं मला."

"मग विम्याबगर चालवू?"

"ते तर बिलकुल न्हाई." तो येरझाऱ्या घालू लागला. "ऱ्हाऊ द्या मॅडम. वीरभद्रप्पाच लिवा. भाईंना नोकर म्हनून लिवायचं असंल तर मी ही गाडीच इकतो."

तो खोटं बोलत नव्हता. इसूफभाईंनी त्याला लहानाचा मोठा केला होता, एवढं त्यांना कळत होतं. भावाचा मान राखायचा म्हणून तो त्यांना जन्मभर मागच्या बिछान्यावर झोपवणार होता.

"लिव पोरी," इसूफभाई म्हणाले. "इसूफ. पगारी."

"भाई..."

"वीरभद्रप्पाला कबूल केला आसशील तेवडाच पगार. एक रुपया जास्ती दिलास तर घेनार न्हाई. त्यो ऱ्हाऊ दे त्याच्या टेम्पोवर."

कमरुन्निसा गाडीच्या पायरीवर येऊन उभी राहिली होती. तिनं पदर सावरला.

"आवो, धाकट्या दिराच्या हाताखाली? लोकांना काय सांगायचं मी?"

"सांग, नोकरी लागली."

शाइस्तानं मागून तिचा हात धरला. कमरुन्निसा तिच्याकडं न बघता नवऱ्याकडं बघत राहिली. वैजयंतीनं सरफराजकडं पाहिलं. सरफराजनं नाइलाजानं मान डोलावली आणि तिनं नाव लिहिलं.

चहा गार झाला होता. इसूफभाईंनी तो तसाच संपवला. वैजयंतीनं आवरलं, उद्यापर्यंत विम्याचे कागद येतील म्हणाली आणि निघून गेली. सरफराज अजून उभाच होता. हात कुठं ठेवावेत हे त्याला सुचत नव्हतं.

"भाई," तो शेवटी म्हणाला, "कागद आले की अकलूजला जायचं म्हंतोय, शाइस्ताच्या म्हायेरी. तुमाला जमलं तर... म्हंजे तब्येत बरी आसंल तर... काडाल का गाडी?"

"डायवरला आसं इचारत न्हाईत."

सरफराजनं खाली बघितलं. मग गाडीकडं बघितलं. भावाच्या तोंडाकडं बघणं त्याला जमलं नाही.

"परवा सकाळी लवकर काडा," तो हळू म्हणाला.

"जी," इसूफभाई म्हणाले, आणि खुर्चीवरून उठून त्याच्यासमोर उभे राहिले.