दिला तेव्हा वळायचंच होतं

मला दोन प्रकारची माणसं चालत नाहीत. एक, सिग्नल न देता वळणारी आणि दुसरी, सिग्नल देऊन न वळणारी. पहिल्यांना निदान विसराळू म्हणून सोडून देता येतं. दुसरी दिसली की माझं पित्त खवळतं. बावीस वर्षं झाली, मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. शिकणारा स्टिअरिंगवर, मी शेजारी, माझ्या पायाखाली जादाचा ब्रेक. अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या शेजारी बसून काढलं म्हणा ना.

बसून बसून पाठीचं लाकूड झालं, तेव्हा नणंदेनं मला बॉक्सिंगच्या क्लासला नेलं. ही माझी धाकटी नणंद दातांची डॉक्टर आहे, त्रेचाळीस वर्षांची आहे आणि घरात अजून बेबी आहे. आठवड्यातून तीन संध्याकाळी तिच्या गाडीतून आम्ही जायचो आणि तिच्या प्रत्येक वळणाला मी पाय आपटायचे. तिथे ब्रेक नसतो, नुसतं पायपुसणं असतं, पण पायाला कोण सांगणार? क्लास म्हणजे जुन्या गोदामातला एक हॉल. एका भिंतीला आरसे, छताला टांगलेल्या चार बॅगा आणि सगळीकडे ओल्या ग्लोव्ह्जचा वास. पहिल्या आठवड्यात मी नाक मुरडलं. तिसऱ्या महिन्यात मला सुट्टीचा दिवस खायला उठायला लागला.

घोडं अडलं ते हुलीपाशी. हूल म्हणजे डावा ठोसा मारतेय असं दाखवायचं, समोरचीनं तिकडे हात नेला की मारायचा उजवा. म्हणजे सिग्नल देऊन न वळणं. माझ्यासारखीला हे कसं जमावं? त्यात आमचे सर पूर्वी अग्निशमन दलात होते, त्यामुळे त्यांना कशाचीच घाई नसते. सहा महिने त्यांनी माझी हूल पाहिली आणि मग शांतपणे सांगितलं की ती पाहून कुणी फसणार तर नाहीच, उलट कीव येऊन थांबेल.

रोग काय होता तेही त्यांनीच सांगितलं. डावा ठोसा मारायच्या आधी मी डावीकडे बघत होते आणि उजव्याच्या आधी उजवीकडे. आधी आरसा, मग वळण. बावीस वर्षांची सवय, ती काय ग्लोव्ह्ज चढवले म्हणून जाते? हूल देताना मात्र मी नाकासमोर बघायचे, कारण वळायचंच नसेल तर आरसा कशाला बघायचा! आणि माझी जोडीदार कोण, तर बेबी. तिचा दिवस जातो उघड्या तोंडांवर वाकून, लोकांचे डोळे वाचण्यात. पेशंट कधी दचकणार हे त्याच्या आधी तिला कळतं. तिच्यापुढे माझी काय डाळ शिजणार?

क्लासचा नियम साधा होता. वर्षातून एकदा दुसऱ्या क्लबबरोबर सामने होतात. त्यात उतरायचं असेल तर आपल्या जोडीदाराला तीन फेऱ्यांत एक स्वच्छ ठोसा लावून दाखवायचा. एकच. बेबीनं मला तो कधीच लावला होता, एक सोडून अकरा. मी दोनदा नापास झाले होते. या महिन्यात तिसरी आणि शेवटची संधी होती. नाहीतर यंदाही मी बाकावर, हिच्या पाण्याची बाटली धरून. आणि खरं सांगते, मला रिंगच्या त्या दोरांच्या आत जायचंच होतं. एकदा तरी मला शेजारी बसायचं नव्हतं.

माझी घालमेल बघून नवऱ्यानं गुपचूप बहिणीला फोन केला आणि वहिनीला एक ठोसा लावू दे म्हणून विनवलं. तिनं साफ नाही म्हटलं. मला कळल्यावर मी दोघांवर चिडले. त्याच्यावर त्यानं विचारलं म्हणून आणि तिच्यावर ती नाही म्हणाली म्हणून. दोन दिवस घरात कुणी माझ्या वाटेला गेलं नाही. मी बेसिनच्या आरशापुढे उभी राहून खोटं बघायचा सराव करत होते. दात घासायला आलेला नवरा दारातूनच परत जायचा.

परीक्षेच्या आदल्या सकाळी माझ्याकडे मुख्याध्यापिका बाई होत्या. निवृत्त झाल्यावर एकसष्टाव्या वर्षी गाडी शिकतायत. चौकाच्या अलीकडे मी डावीकडे घ्यायला सांगितलं. बाईंनी आरशात बघितलं, सिग्नल दिला, वेग कमी केला, स्टिअरिंग जरासं वळवलंही. मी आपली डावीकडचा फुटपाथ बघायला मान वळवली, अंगानं झुकलेसुद्धा. आणि बाई सरळ निघून गेल्या. बावीस वर्षांत मला असं कुणी बनवलं नव्हतं. गाडी कडेला घ्यायला लावून मी त्यांना फैलावर घेतलं. विचारलं, खोटा सिग्नल का दिलात?

"खोटा नव्हता हो," बाई म्हणाल्या. "दिला तेव्हा वळायचंच होतं. मग आठवलं, त्या गल्लीत आमची मोठी जाऊ राहते. दिसले तर तासभर सुटका नाही."

मी ओरडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. बाईंना वाटलं मला चक्कर आली. त्यांनी मला पाणी दिलं. मला तर त्यांचा मुका घ्यावासा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीत मी सगळं घालवलं. डोक्यात बाई, जाऊ, गल्ली एवढी गर्दी झाली की बेबीनं मला दोन ठोसे फुकटात लगावले. दुसऱ्या फेरीत मी चिडले आणि चिडून मारलेला प्रत्येक ठोसा तिनं आधीच ओळखला. माउथगार्डच्या आड ती हसत होती. सर घड्याळ हातात धरून उभे होते, चेहऱ्यावर काही नाही. शेवटच्या फेरीआधी मी कोपऱ्यात पाणी प्यायले आणि मनाला बजावलं, बाई गं, खोटं तुला येत नाही, तर नको बोलूस.

तिसऱ्या फेरीत मी खरंच डावा मारायचं ठरवलं. अगदी मनापासून. डावीकडे बघितलं, खांदा निघाला, पाय वळला. बेबीनं डोळे वाचले आणि तिचा हात कानाकडे उचलला गेला. तेवढ्यात मला ते दिसलं, जे शेजारच्या सीटवरून रोज दिसतं: समोरच्याची चूक घडायच्या आधीचा तो अर्धा क्षण, ज्यात माझा पाय ब्रेककडे जातो. आज ब्रेक नव्हता. माझा बेत बदलला आणि उजवा हात सरळ निघून गेला.

धप्प. बेबीच्या हेडगार्डच्या कपाळावरच्या गादीवर, बरोब्बर मध्यभागी.

बेबी तिथेच उभी, एक हात अजून कानाशी. मग तिनं माउथगार्ड काढलं.

"वहिनी, तू सिग्नल देऊन वळली नाहीस?"

"दिला तेव्हा वळायचंच होतं गं," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं. ग्लोव्ह्ज घालून डोळे पुसता येत नाहीत, म्हणून बेबीनं मला मिठी मारून ते आपल्या टी-शर्टला पुसले. सरांनी वहीत माझं नाव लिहिलं. मग दुसऱ्यांदा गिरवलं. एरवी ते असलं काही करत नाहीत.

बाहेर आल्यावर बेबीनं चावी माझ्या हातात ठेवली. म्हणाली, आज तू चालव, माझं डोकं गरगरतंय. साफ खोटं, पण ही बया खोटं किती सुरेख बोलते. मी हवेत तरंगतच गाडीपाशी गेले, दार उघडलं, बसले, पट्टा लावला आणि गाडी निघायची वाट बघू लागले. काचेवर टकटक झाली. बाहेर बेबी उभी, हसून हसून पोट धरलेलं.

"चावी तुझ्याकडे आहे, वहिनी. सरक तिकडे."

गिअरवरून पाय ओलांडत, पट्ट्यात अडकत मी सरकले. ती माझ्या जागेवर बसली. पुढच्या चौकात मी आरसा बघितला, सिग्नल दिला आणि दिला तिकडेच वळले, रस्त्यावर मी काही बदललेली नाही. वळताना शेजारून आवाज आला. बेबीनं पायपुसण्यावर पाय आपटला होता.