नंबर तोच पाहिजे

"हाई अनलिमिटेड म्हंजे कोठपर्यंत?" हेमराजनं विचारलं.

"काका, अनलिमिटेड म्हंजे त्याले शेवटच नही ऱ्हास," काउंटरमागून सुषमा म्हणाली.

"तापीमायले बी शेवट शे पोरी. अन तुन्हा पॅकले नही?"

शेजारी उभी असलेली त्याची पोर दीपमाला मोबाईलची कव्हरं बघायला लागली. आप्पांसोबत दुकानात यायचं म्हणजे कुठंतरी बघत उभं राहायची सवय पाहिजे, ती तिला लहानपणापासून होती.

हेमराज कोरीटचा. नंदुरबारच्या मिरची बाजारात मापाडी. रोज मोटरसायकलवर यायचं, काट्यापाशी उभं राहायचं आणि दिवसभर दुसऱ्यांच्या मालाचं वजन पुकारायचं. मिरचीचा ठसका त्याला आता लागत नव्हता, पण लोकांच्या नजरा लागायच्या. शेतकऱ्याला वाटतं मापाडी व्यापाऱ्याचा, व्यापाऱ्याला वाटतं शेतकऱ्याचा, आणि दोघंही त्याच्या हातांकडं बघत राहतात. ज्याच्यावर सगळे संशय घेतात, तो माणूस एक दिवस सगळ्यांवर घ्यायला लागतो. हेमराजचं तेच झालेलं. दूधवाल्याचं माप तो स्वतः धुऊन द्यायचा. देवळात नारळ फुटला की मोठी वाटी कुणाकडं गेली ते बघून मगच हात जोडायचा.

आणि आता अशा माणसाची एकुलती एक पोर डॉक्टरकी शिकायला उझबेकिस्तानला निघालेली. बँकेनं कर्ज दिलं, मामानं हात दिला, ॲडमिशन झालं. सगळं जमलं आणि गाडी अडली फोनच्या सिमपाशी.

ॲडमिशन करून देणारा एजंट म्हणाला होता, सिम आम्ही देतो, विमानतळावर उतरल्या उतरल्या, फुकट.

"फुकट? मंग ते सिम कोना नावनं?" हेमराजनं विचारलेलं.

एजंट नुसता हसला. हेमराजनं तिथंच एजंटच्या सिमवर काट मारली. ह्यात मात्र तो चुकला असं कुणी म्हणणार नाही.

सुषमाचा सल्ला साधा होता. इथलं सिम कमीत कमी रिचार्जवर चालू ठेवायचं, बँकेचे मेसेज यायला. बोलायला तिकडचंच सिम घ्यायचं. तिकडं सगळी पोरं तसंच करतात.

हेमराज विचारात पडला. दुकानदार महागाचं सोडून स्वस्ताचं दाखवतोय?

"यामा तुले काय सुटस?"

"काय बी नही सुटत काका."

"मंग सांगस कसाले?"

सुषमानं दीपमालाकडं बघितलं. दीपमाला कव्हरं सोडून पुढं आली.

"आप्पा, ती बरोबर सांगस. तठे जाईसन मी तठलाच नंबर लिसू."

"नवा नंबर कसाले? कोणले देवाना शे?"

दुकानात अजून दोन गिऱ्हाइकं होती. एक जण खाली मान घालून हसला. दीपमालाचा चेहरा असा झाला की सुषमानं उगाच ड्रॉवर उघडला आणि बंद केला.

"कोणलेच नही," दीपमाला म्हणाली. "तुम्हले पटी ते करा."

"नंबर तोच जोयजे," हेमराज म्हणाला. "मन्हा फोनवर तुन्हं नाव उठाले जोयजे. नाव उठनं म्हंजे तू. नही उठनं म्हंजे तू नही. बस."

त्याच्याकडं साधा बटणांचा फोन होता. मोठ्या फोनमधून माणसाचं सगळं बाहेर जातं असं त्याचं पक्कं मत. त्यामुळं व्हिडिओ, व्हॉट्सॲप हा प्रश्नच नव्हता. त्यानं दुकानातला सगळ्यात महाग, परदेशात चालणारा रोमिंग पॅक घेतला. महाग वस्तू विकणारा निदान लबाडी उघड करतो.

"तठे उतरनी का तो चालू व्हई," सुषमा म्हणाली. "रोमिंग तेवढं बंद नका करजात."

रोमिंग. ह्या शब्दानं हेमराजच्या कपाळावर आठी आली.

कोरीटच्या माणसासमोर हा शब्द जपून काढावा. त्या पट्ट्यात गुजरातची हद्द एवढी जवळ की ओट्यावर बसलं तर महाराष्ट्राचा टॉवर आणि वावरात गेलं तर गुजरातचा. पूर्वी राज्य बदललं की फोनचे पैसे कापले जायचे, त्या काळी हेमराज स्वतःच्या कपाशीत उभा राहून मेव्हण्याशी बोलत होता आणि बोलता बोलता बॅलन्स संपला. एक पाऊल हलला नव्हता गडी! आपल्याच बांधावर आपण परके, हे त्याला अजून पचलेलं नव्हतं. तेव्हा गावातल्या सगळ्यांनी एक उपाय शिकून घेतला होता. फोनच्या सेटिंगमध्ये जायचं आणि नेटवर्क हातानं आपल्याच टॉवरला बांधून टाकायचं. खुंट्याला गाय बांधावी तसं. मग फोन पलीकडं चरायला जात नाही. ते पैसे कापणं बंद होऊन वर्षं झाली. हेमराजचा राग बंद झाला नाही.

निघायच्या दिवशी दुपारी दीपमाला गल्लीतल्या बायांच्या पाया पडायला गेली. फोन घरात चार्जिंगला. हेमराजच्या मनात आलं, पॅक भरलेला आहे, गाडी निघायला संध्याकाळ, तोवर ह्यानं गुजरातचा टॉवर पकडला तर पॅक इथंच संपणार. त्यानं फोन उचलला. पासवर्ड त्याला ठाऊक होता. फोन घेऊन देताना तीच अट होती. त्यानं नेटवर्क बांधून टाकलं. हातासरशी तिचे मेसेजपण वर-खाली करून बघितले. काही नव्हतं.

काही नाही म्हणजे पुसलं असणार, असं त्याला वाटलं.

स्टेशनवर हेमराजच्या बायकोनं, मंगलाबाईनं, पोरीला पोटाशी धरलं. हेमराज बॅगांची कुलुपं ओढून बघत होता.

"पोचनू का फोन करस आप्पा."

"त्याच नंबरवरथीन."

"हा. त्याच नंबरवरथीन." ती पाया पडली आणि वर बघितलं नाही. दुकानातलं ते अजून तिच्या चेहऱ्यावर होतं.

मुंबईपर्यंत सोबत गेलेल्या मामानं तिथून स्वतःच्या फोनवरून बोलणं करून दिलं. पोरीच्या फोनला रेंज येत नव्हती. आठे भलती गर्दी शे, म्हणून व्हई, असं मामा म्हणाला. त्यानंतर विमान उडालं आणि सगळं गप्प झालं.

दुसऱ्या दिवशी बाजारात ओल्या मिरचीच्या गाड्यांची रांग लागलेली. हेमराज वजन पुकारत होता, पण एक हात खिशावर. दीपमालाचं नाव काही उठेना. तिला लावला तर बाई सांगायची, संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. उठत होता तो भलताच नंबर. पुढं अधिकचं चिन्ह, मग आकड्यांची लांबलचक माळ.

"उचलू नको भो!" पोतं उतरवत रेवजी हमाल ओरडला. "बाहेरदेशना चोर शेतस त्या. मन्हा साडभाऊनं आसाच उचला, अन बँक साफ!"

"मी काय येडा शे का?" हेमराजनं कापला.

परत वाजला. परत कापला. जेवताना वाजला. चार पोती काट्यावर असताना वाजला. शेवटी त्याचं डोकं सरकलं. त्यानं उचलला. पलीकडं नुसती खरखर, कुणी बोलेना.

"कोन शे रे?" हेमराज अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा गरजला. "परत फोन करा ते पाय तोडी टाकसू! पोलिसले देसू!"

लोक हसले. रेवजीनं टाळी वाजवली. हेमराजला जरा बरं वाटलं. कालपासून पहिल्यांदाच कुणावर तरी राग काढता आला होता.

घरी मंगलाबाई दारातच उभी.

"पोरना फोन उना?"

"नही. नंबर बंद शे."

"मामा सांगे, ती गाडीमा बोलतच नव्हती. तुम्ही तिले दुकानमा काय बोलनात?"

"मी काय बोलसू?"

"कोणले नंबर देवाना शे, आसं इचारं. परक्या लोकेसमा." मंगलाबाईनं डोळ्याला पदर लावला नाही, आवाजही चढवला नाही. "तिनी सांगं माले. मुद्दाम करी नही फोन. काबर करी?"

हेमराज जेवला. काय जेवला ते त्याला सांगता आलं नसतं. मुद्दाम करत नाही, हे बायकोचं म्हणणं त्याला पटायला लागलं होतं, आणि ते पटू नये म्हणून दुसरं कुणीतरी चोर सापडणं गरजेचं होतं.

सकाळी बाजाराला जायच्या आधी तो सुषमाच्या दुकानात शिरला.

"पॅक टाकाच नही तू!"

दुकान नुकतंच उघडलेलं, तरी दोघंतिघं होते. सुषमानं कॉम्प्युटर त्याच्याकडं वळवला. "दखा काका. चालू शे."

"कॉम्प्युटरमा काय बी दखाडता येस! मन्ही पोर दोन दिनपासून कोठे शे माले माहीत नही. तिले काय व्हयनं, काय नही... अन तू आठे पैसा खाईसन बठनी!"

सुषमाचा हात माऊसवरच राहिला. पोरगी दीपमालाच्याच वयाची असेल. चार लोकांसमोर तिला कुणी असं बोललं नव्हतं.

"काका," ती सावकाश म्हणाली, "तिन्हा फोनमा कोनी काही सेटिंग करं का?"

"कोन करी?" हेमराज ओरडला.

आणि ओरडता ओरडताच त्याला कळलं.

खुंट्याला गाय आपणच बांधली. पोर परदेशात गेली आणि तिचा फोन कोरीटचा टॉवर शोधत बसलाय. हे त्याच्या जिभेवर आलं होतं. पण ती दोघंतिघं बघत होती, आणि त्यानं ओठ मिटून घेतले. पायरीवर चप्पल घालताना त्याचा पाय दोनदा चुकला. माफी राहूच द्या, 'येतो' सुद्धा म्हणाला नाही.

बाजारात त्या दिवशी त्यानं काटा लावला खरा. पण डोक्यात एकच. तिला सांगायचं कसं? बांधलेलं सोड, एवढंच सांगायचं. पण सांगायला फोन लागला पाहिजे, आणि फोन तर त्यानंच बांधला. मध्येच तो चोरांचा नंबर वाजला. त्यानं न बघता कापला.

दुपारच्या सुमाराला सुषमाची स्कूटी बाजारात शिरली. नाकावर ओढणी, डोळ्यांतून पाणी, मिरचीनं हैराण. खोकत खोकत ती काट्यापाशी आली. हेमराजला वाटलं, भांडायला आली. त्यानं मान खाली घातली.

"काका, दीपमालाना फोन उना."

"तुले?"

"दुकानना नंबरवर. आप्पा बाजारमा व्हतीन, जाईसन सांग, आसं ती सांगे. कालपासून ती तुम्हले लाई ऱ्हायनी अन तुम्ही कापी ऱ्हायनात."

हेमराजनं खिशातून फोन काढला. आकड्यांची माळ तिच्यासमोर धरली.

"हाऊच," सुषमा म्हणाली. "हाऊच तिन्हा नंबर शे काका. तठला."

रेवजीनं पाठीवरचं पोतं हळूच खाली ठेवलं.

"काय बोलनी?" हेमराजनं विचारलं. "पहिलेथीन सांग."

"पहिले ते रडनी. भलती रडनी. तिन्हा फोन चालतच नव्हता. संगे एक केरळनी पोर शे, तिनी तठलं सिम लई दिधं. मंग तिनी पहिला फोन तुम्हले करा. तुम्ही..." सुषमा थांबली.

"मी काय?"

"तिले तुमना आवाज उना. तिन्हा तुम्हले गया नही व्हई."

हेमराजला आठवलं. पाय तोडी टाकसू. बाजारात कुणीच हसलं नाही. ज्यांनी काल हसून घेतलं होतं, ते मिरचीच्या ढिगाकडं बघत होते.

"मंग तिनी माले इचारं," सुषमा म्हणाली, "आप्पा मन्हावर रागवनात का? नवा नंबर लिधा म्हनीसन?"

"तू काय सांगं?"

"मी सांगं, नही रागवनात. तुन्हाकरता मन्हा दुकानमा यीसन भांडी गयात." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "मी सांगं, मन्हा आप्पा मन्हाकरता कोनासंगे इतला भांडनात नही कधी."

हेमराज काट्याला हात टेकवून उभा राहिला. मग एवढंच म्हणाला, "नेटवर्क मी बांधं व्हतं. तिन्हा फोनमा. पॅक बराबर व्हता तुन्हा."

ते त्यानं मोठ्यानं म्हटलं, वजन पुकारावं तसं, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. सुषमानं मान हलवली. तिनं स्वतःच्या फोनवरून इंटरनेटचा कॉल लावला आणि फोन त्याच्याकडं दिला. तिकडं रिंग जायला लागली. हेमराजनं दुसरा कान हातानं झाकला.

रिंग गेली, गेली, आणि तिकडून कट झाली.

तो फोनकडं बघत राहिला.

"क्लासमा व्हई," सुषमा म्हणाली.

त्यानं तिच्याकडं बघितलं. रेवजी, शेतकरी, गाडीवाला, सगळे तो काय म्हणतो म्हणून थांबलेले. कुठला क्लास, ह्या वेळेला कसला क्लास, कट करायचं काय कारण, हे सगळं आता येणार हे बाजाराला पाठ होतं.

"मेसेज टाकीसन इचारू का काका? क्लासमा शे का, आसं?"

"नको," हेमराज म्हणाला. "क्लासमाच व्हई."

आणि फोन त्यानं तिला दोन्ही हातांनी परत दिला.