एकाच छटेचा हिरवा

विनयाला आधी संशय आला तो रंगाचा. माणसाचा नंतर आला.

वसई पूर्वेला, वालीवमध्ये, प्लास्टिकच्या बरण्या बनवणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर फर्डिनंड सरांचं नकाशांचं ऑफिस होतं. जुने छापील नकाशे स्कॅन करायचे आणि त्यांतले रंग सुटे करायचे, हे तिथलं काम. निळं ते पाणी, हिरव्या त्या वाड्या, तपकिरी ते रस्ते. एकेका रंगाचा एकेक पारदर्शक थर. जोडीला जमिनीच्या उंचीचे आकडे यायचे, चौकोनांच्या जाळीत भरलेले. त्यांनाही उंचीप्रमाणे रंग द्यायचे. सगळे थर एकावर एक ठेवले की पाणी कुठून कुठे वाहील ते दिसायचं. यंदा वसई पश्चिमेच्या गावांचं काम आलं होतं. पाणी तुंबू नये म्हणून नवे नाले कुठून न्यायचे, ते याच नकाशांवरून ठरणार होतं.

फेब्रुवारीतली दुपार होती. विनयाने जेन्सनच्या गावाचा हिरवा थर उघडला. जेन्सन तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. गावाचा नकाशा त्यानेच घरून स्कॅन करून आणला होता. त्याची आत्या, ग्लोरिया टीचर, हिने तो कागद चाळीस वर्षं जपला होता म्हणे.

जुन्या कागदावरचा रंग कधी एकसारखा नसतो. शाई विटते, कागद पिवळा पडतो. डोळ्यांना एकच हिरवा दिसतो, पण मोजायला बसलं तर त्याच्या शेकडो छटा निघतात. गावाच्या कडेचा बोटाच्या पेराएवढा ठिपका मात्र वेगळा होता. त्यात छटा एकच. सपाट, गुळगुळीत, कालपरवाचा हिरवा.

तिने त्यावर उंचीची जाळी ठेवली. आजूबाजूची जमीन साडेतीन मीटरवर आणि ठिपक्याच्या जागी आकडा एकदम दीडवर उतरलेला.

सहा वर्षं वसईत राहून तिला एवढं कळत होतं. वाडीत असा खड्डा म्हणजे बावखल, शिंपण्यासाठी खणलेलं तळं. ते निळं दिसायला हवं होतं. कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून त्यावर हिरवा फासला होता.

तिने मान न वळवता विचारलं, "जेन्सन, तुझ्या गावाचा मूळ कागद मिळेल का रे? स्कॅन जरा खराब आलाय."

"आत्याकडे आहे. पण ती आजारी आहे, आता नको." मग थोड्या वेळाने त्यानेच विचारलं, "निळा लेयर सरांना दिलास का तू?"

"का?"

"सहज."

दोन दिवसांनी तिने पुन्हा कागदाचा विषय काढला, तेव्हा आत्या वांद्र्याला लेकीकडे गेली होती. आजारी बाई दोन दिवसांत वांद्र्याला कशी गेली, हे विनयाने विचारलं नाही. पण तिच्या डोक्यात चक्र सुरू झालं. जमिनींचे व्यवहार करणारा अल्पेश पंधरवड्यात दोनदा ऑफिसात येऊन गेला होता. दोन्ही वेळा जेन्सन त्याला घाईघाईने जिन्यात घेऊन गेला होता. बावखल नकाशावरच नसेल तर बुजवलं म्हणून ओरडणार कोण? एरवी डब्यातलं सुकट वाटून खाणारा हा मुलगा असं करेल? तिला पटत नव्हतं, आणि संशय जातही नव्हता.

सरांना सांगण्याआधी स्वतः बघावं, म्हणून शनिवारी ती स्कूटर काढून गावात गेली. केळीच्या बागेमागे बावखल होतं. हिरवट पाणी, काठावर वाकलेलं उंबराचं झाड. आणि आजारी नाही, वांद्र्याला नाही, अशी एक सत्तरीची बाई पंपाच्या पाइपाची गाठ सोडवत उभी होती.

"कोण पाहिजे?" बाईंनी विचारलं. आवाज वर्ग गप्प करणारा.

"ग्लोरिया टीचर? मी विनया. जेन्सनबरोबर काम करते."

"काम करतेस, की त्या अल्पेशने पाठवलंय?"

विनया चपापली. "मला वाटलं, अल्पेशला तुमच्या घरातलंच कुणीतरी मदत करतंय. नकाशात हे बावखल हिरवं रंगवून टाकलंय."

बाईंनी पाइप खाली टाकला. मग उंबराच्या मुळावर बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "रंग मी फासायला लावला. जेन्सनच्या मागेच लागले. तो नाही म्हणत होता."

"पण का?"

"पलीकडच्या आळीतलं बावखल बघून ये. नकाशात नोंद झाली आणि सुशोभीकरण आलं. चारी बाजूंनी सिमेंट, वर लाद्या, दिवे. दोन वर्षांत झरे बंद. आता टँकरने भरतात. इकडे अल्पेश महिन्याला येऊन जागा विकायला सांगतो. मी दार उघडत नाही म्हणून पोराच्या ऑफिसात जातो. कागदावर दिसलं की सगळ्यांची नजर पडते, बाई. मला ते दिसायलाच नको होतं."

विनयाने मोबाईलवर तो नकाशा उघडून त्यांच्या हातात दिला.

"टीचर, रंग लपवलात, पण उंची नाही लपत. हे आकडे बघा. ते सांगतात की इथे खोलगट जागा आहे. नकाशा सांगतो की इथे काहीच नाही. नाला काढणारा माणूस काय करेल? खोलगट, रिकामी जागा बघून नाला इथूनच नेईल."

ग्लोरिया टीचरनी तो हिरवा ठिपका बोटांनी मोठा करून पाहिला.

"आणि तुझ्यावर विश्वास ठेवायचा, तो कशावरून?"

"नका ठेवू. कागद घेऊन स्वतः या."

सोमवारी त्या खरंच वालीवला आल्या. नकाशाची गुंडाळी त्यांनी कुणाच्या हातात दिली नाही. स्कॅनरवर स्वतः पसरली, स्वतः उचलली. जेन्सनने सरांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं कबूल केलं. आतून आवाज चढलेले ऐकू आले. महिनाभर त्याचं प्रत्येक काम विनयाने तपासावं असं ठरलं, पण नोकरी राहिली. बाहेर आल्यावर तो विनयाला म्हणाला, "मला विचारायचं होतंस."

"विचारलं होतं. दोनदा."

त्यानंतर बरेच दिवस दोघांनी आपापले डबे वेगवेगळे खाल्ले.

विनयाने निळा थर नव्याने काढला. या वेळी बावखल विटक्या, डागाळलेल्या निळ्या छटांमध्ये उमटलं. टीचरनी खुर्ची पुढे ओढून त्याच्या कडा तपासल्या. उंबराच्या बाजूला ते थोडं आत वळतं, तेही बरोबर आलं होतं. विनयाने टिपण जोडलं: वापरातलं पाणी, झरे जिवंत, काठ कच्चेच ठेवावेत.

मेमध्ये नव्या नाल्याच्या मोजणीची माणसं गावात आली. टीचर खुर्ची टाकून दिवसभर बांधावर बसल्या. खुंट्या रस्त्याच्या कडेने गेल्या, वाडीत एकही ठोकली गेली नाही. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"आज तरी गेले. उद्याचं काही सांगता येत नाही."

विनयाने उगीच धीर दिला नाही. "किती वाजता येतात ते?" तिने विचारलं.

"नऊला."

"मग मीही येते."

टीचर म्हणाल्या, "ये. पण येताना जेन्सनला घेऊन ये. तुम्ही दोघं बोलत नाही, ते मला कळलंय."