आई झालेलं पिल्लू

मुद्रितं तपासणाऱ्या बाईला लोक घाबरून असतात, आणि बरोबरच करतात. दुकानाची पाटी असो की औषधाची बाटली, चुकीची वेलांटी दिसली की माझं डोकं फिरतं. नवरा म्हणतो, "तुला स्वर्गात नेलं तरी आत जायच्या आधी तू दारावरची पाटी तपासशील." म्हणू दे. छापखाना मला याच खोडीचा पगार देतो.

पण आमच्या भिंगरीपुढे माझं व्याकरण हात टेकायचं. भिंगरी म्हणजे नवऱ्याची मुलगी, वय वर्षं सहा, एका जागी स्वस्थ बसेल तर शपथ. ती रांगत होती तेव्हाच तिची आई गेली. मी घरात आले त्यालाही आता बरेच महिने झाले होते. आमचं भांडण नव्हतं. वेणी ती माझ्याकडूनच घालून घ्यायची, दुधावरची साय माझ्याच बोटानं काढायला लावायची. पण मला हाक म्हणून मारायची नाही. आई नाही, मावशी नाही, काकू नाही. आणि पोरगी इतकी पक्की की तू की तुम्ही, हेसुद्धा शिताफीनं टाळायची.

"भूक लागलीय."

"वेणी राहिलीय."

"बूट सापडत नाहीये एक."

वाक्यात मी कुठेच नाही! शब्दांवर पोट भरणाऱ्या मला हे जन्मात जमलं नसतं. कौतुक वाटायचं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडूही यायचं. आई म्हणावं असा माझा हट्ट नव्हता. तुम्ही म्हणाली तर मी पाहुणी, तू म्हणाली तर घरातली. एक तू मिळाला असता तरी मी भरून पावले असते. नवरा म्हणायचा, "मी सांगून बघू का तिला?" मी म्हणायचे, "खबरदार! मागून घेतलेला तू मला नको."

त्या दिवशी भिंगरीला सुट्टी होती आणि नवऱ्याची इस्पितळात एक्स-रेच्या खोलीत पाळी. मी जेवणाच्या टेबलावर एका चित्रांच्या पुस्तकाची पानं पसरून बसले होते. संध्याकाळपर्यंत ती छापायला सोडायची होती. गोष्ट छोटीशीच. तीन पिल्लांना जुन्या कपड्यांची पेटी सापडते आणि ती पाळीपाळीनं वेश करत सुटतात. भिंगरी खुर्चीवर गुडघे टेकून चढली आणि बोट ठेवून मोठ्यांदा वाचायला लागली.

"डॉ-क्टर, तुम्ही माझी शेपटी तपासता का?" पांढऱ्या कोटातलं पिल्लू बघून ती खुदकन हसली. पुढच्या पानावर टोप कपाळावर घसरलेलं पिल्लू होतं. "पोस्टमन, तुम्ही माझं हाडूक पोचवता का?" इथे तर ती खुर्चीवरून पडायचीच बाकी होती.

मग शेवटचं पान आलं. सगळ्यात धाकट्या पिल्लानं शाल पांघरलेली, नाकावर चष्मा. बाकीची दोघं त्याच शालीत शिरलेली, नुसत्या शेपट्या बाहेर.

"आई, तुम्ही आम्हाला कुशीत घेता का?" भिंगरी थांबली. तिनं ते पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "हे चुकलंय."

माझी कानशिलं तापली. लेखकानं इथे तू लिहिलं होतं आणि ते खोडून तुम्ही करणारी मीच होते. पुस्तकभर तुम्ही आणि शेवटी एकदम तू? असला विस्कळीतपणा माझ्या हातून सुटत नाही.

"चुकलेलं नाहीये," मी म्हटलं. "सगळ्या पानांवर तुम्हीच आहे बघ."

"ते डॉक्टर आहेत. ते पोस्टमन आहेत. ही आई आहे."

"आई कुठली? पिल्लू आहे ते. शाल पांघरून खोटं खोटं आई झालंय."

बोलून गेले आणि जीभ चावली. दुसऱ्या कुणाला नाही, मी स्वतःलाच ते ऐकवलं होतं. भिंगरीनं मात्र मान वर केली नाही. ती शालीच्या काठावरून बोट फिरवत होती.

"पण त्यांना कुशीत घेतलंय ना तिनं?"

"घेतलंय."

"ते खोटं खोटं नाहीये. बघ, शेपट्या."

शेपट्या खरंच सुखात दिसत होत्या. मी नुसतं हं म्हटलं. "बघ" तिनं मला म्हटलं होतं की स्वतःशीच बोलली होती, कोण जाणे. उगाच आशा लावून घ्यायची नाही, असं मी मनाला बजावलं.

"मग तुम्ही कशाला? कुशीत घेणाऱ्या आईला कुणी तुम्ही म्हणतं का?"

मी तिच्याच पद्धतीनं, कुणालाच न धरता विचारलं, "मग आता काय करायला हवंय?"

"तू खोड ना ते."

तिला काही कळलंही नाही. ती टाचा वर करून पानावर वाकून बघत होती, मी खोडते की नाही ते. मी पेन उचललं. इतकी वर्षं मी सरळ रेघा मारत आलेय, पण त्या तुम्हीवरून रेघ मारताना माझी नजर तिच्यावरच होती आणि रेघ थेट पिल्लाच्या चष्म्यात घुसली.

"ई, वाकडं खोडलंस!" भिंगरी ओरडली.

माझ्या कामात कुणी चूक काढली की मी आठवडाभर धुमसते. त्या दिवशी मी तिला शालीतल्या पिल्लासारखं जवळ ओढलं आणि म्हटलं, "हो गं बाई, चुकलंच माझं."