बारा मीटर उंचीची वेबसाइट

"माझी वेबसाइट बारा मीटर उंच आहे, पांढरीशुभ्र आहे आणि तिला पासवर्ड लागत नाही," एगॉन थुलस्ट्रुपने फोनवर लेकीला ठणकावलं आणि मोकळ्या हाताने दोरीला आणखी एक हिसका दिला. दोरी ढिम्म. झेंडा खांबाच्या बरोबर मध्यावर अडकून बसला होता. वर जाईना, खाली येईना.

"बाबा, एक पान तरी करून देते," कोपनहेगनहून सिग्ने म्हणाली. "पत्ता, फोन, दुकान उघडं आहे की बंद. लोक आता तिथंच बघतात."

"लोक वर बघतात. ठेव आता, पाहुणे येतील."

झेंड्याचे खांब बनवणं हा एगॉनचा जन्मभराचा धंदा. आज तो सत्तर वर्षांचा झाला होता आणि सत्तरीला दारात झेंडा नसेल तर माणूस डेन्मार्कचा कसला! पण अडकलेली दोरी सोडवायची तर खांब आडवा करावा लागतो आणि त्याला दोन माणसं लागतात. खालचा खिळा काढायला एक, टोक धरायला दुसरं. टोक त्याची बायको इंगर धरायची. इंगरला जाऊन सहा वर्षं झाली होती.

त्याला भीती एकच होती. लोक हसतील. खांबवाल्याचाच झेंडा अडकला म्हणून सबंध किनाऱ्यावर हशा पिकेल. तो घाईने आत गेला. टेबलावर गरम पाव, चीज, लोणी आणि वीस कप मांडलेले होते. सत्तरीच्या सकाळी सगळी आळी न बोलावता येते. शिवाय आज बंदरावरच्या हॉटेलच्या लांगेबाई यायच्या होत्या. हॉटेलसमोर आठ खांब हवे होते त्यांना. ते काम मिळालं तर दुकान तगणार होतं, नाहीतर हिवाळ्याआधी कुलूप लागणार हे एगॉनने मनाशी धरलं होतं. सिग्नेला मात्र सांगितलं नव्हतं.

नऊ वाजले. दहा वाजले. पाव गार झाले. एकही माणूस फिरकला नाही. एगॉनने वीसपैकी दहा कप परत कपाटात ठेवले. थोड्या वेळाने आणखी पाच.

तेव्हा कुठे दाराची घंटा वाजली. त्याने चेहरा नीट केला आणि दार उघडलं. शेजारची बोडिल उभी होती, काळा कोट घालून, हातात पांढरी फुलं घेऊन. त्याला बघताच तिने अशी किंकाळी फोडली की छपरावरचे समुद्रपक्षी उडाले.

"तू!"

"मग कोण असणार?"

"अरे, तू तर वारलास!"

"कधी?"

"सकाळी! झेंडा अर्ध्यावर आहे तुझा!"

अर्ध्यावरचा झेंडा म्हणजे घरात मयत, हे तिथल्या पोराटोरांनाही कळतं. एगॉनलाही कळत होतं. पण त्या घरात राहणारं माणूस एकच आणि ते आपण, हा हिशोब त्याने केला नव्हता. त्याने दाराची चौकट धरली.

"दोरी अडकली असेल, असं नाही का वाटलं कुणाला?" त्याने उगाच दुसऱ्या कुणाबद्दल विचारल्यासारखं विचारलं.

"तुझी?" बोडिलला हा प्रश्नच अपमानाचा वाटला. "एगॉन, तुझ्या खांबाची दोरी अडकली असं कुणी म्हणालं असतं तर आम्ही त्याला वेड्यात काढलं असतं."

जन्मात एवढी मोठी शाबासकी त्याला कुणी दिली नव्हती. तिचं काय करावं ते त्याला कळेना.

"दार तरी वाजवायचं!"

"पहिल्याच दिवशी? झेंडा सिग्नेनेच अर्ध्यावर आणला असणार, तिला त्रास द्यायचा? मी शेजारची, म्हणून राहवलं नाही मला." तिने फाटकाकडे बोट दाखवलं. कुंपणाला टेकवून फुलांचे गुच्छ ओळीने ठेवले होते. अख्खी आळी येऊन गेली होती, आवाज न करता.

"आणि लांगेबाई?"

"फाटकापर्यंत आल्या होत्या. झेंडा बघितला, फोनमध्ये बघितलं, डोळे पुसले आणि खांबांसाठी प्रेबेनकडे गेल्या."

"फोनमध्ये काय आहे?"

बोडिलने दाखवलं. नकाशावर त्याचं दुकान होतं आणि त्याखाली कुणीतरी टाकलेलं, तांबड्या अक्षरांत, 'कायमचे बंद'. त्याखाली श्रद्धांजल्या. 'सच्चा माणूस गेला. खांब उत्तम. बोलणं जरा कमी चाललं असतं. तीन तारे.'

"तीन?" एगॉन म्हणाला.

"हे खोटं आहे असं तुझ्या पानावर लिहून टाक ना."

"कुठल्या पानावर?"

बोडिलने फोनवर बोट सरकवलं. तिने प्रेबेनचं पान उघडलं. प्रेबेन खाडीपलीकडचा खांबवाला. त्याच्या वेबसाइटवर चोवीस तास एक झेंडा फडफडायचा आणि वारा नसताना फडफडणारा झेंडा म्हणून एगॉनने त्याची भरपूर टर उडवली होती. आज तो झेंडा हलत नव्हता. तो अर्ध्यावर होता. एगॉनने चष्मा पुसून खालचा मजकूर वाचला.

'आज दुकान बंद. एगॉन थुलस्ट्रुप गेले. त्यांनी मला कधी काही शिकवलं नाही. त्यांच्या कुंपणाबाहेर सायकल टेकवून मी सगळं शिकलो. हॉटेलचं काम आज माझ्याकडे आलं होतं. ते त्यांचं होतं. आजच्या दिवशी मी ते घेणार नाही.'

एगॉन खुर्चीवर बसला. त्याने कपात गार कॉफी ओतली, कप भरला तरी ओतत राहिला. बोडिलने किटली त्याच्या हातातून काढून घेतली.

मग त्याने फोन लावला.

"प्रेबेन? एगॉन बोलतोय."

पलीकडे काहीतरी पडून फुटलं.

"कुठून?" प्रेबेनने दबक्या आवाजात विचारलं.

"घरून. दुसरीकडून कुठून बोलणार?"

"देवा रे... एगॉन... अहो, मग मी साइटवर आता काय लिहू?"

"ते बघू मागाहून," एगॉन म्हणाला आणि बोडिलकडे पाठ करून आवाज खाली आणला. "आधी इकडे ये. मागच्या रस्त्याने ये. खांब आडवा करायचाय रे, जरा टोक धरशील?"